पानातले अन्न आणि मुलांची कविता
(प्राथमिक वर्गांसाठी एक अभ्यासपाठ)

"भात कोठून येतो?" असा प्रश्न पहिली-दुसरीच्या वर्गात विचारला, तर काही मुले "शेतातून" असे सांगतात आणि काही मुले "दुकानातून" असे सांगतात. दुसरे उत्तर चुकीचे नाही. ज्या घरात तांदूळ पिशवीतून येतो, त्या घरातील मुलाने जे पाहिले तेच ते सांगत असते. मात्र ते उत्तर अपुरे आहे. दुकानाच्या अलीकडे गिरण आहे, गिरणीच्या अलीकडे खळे आहे, खळ्याच्या अलीकडे शेत आहे आणि शेताच्या अलीकडे बियाणे व ते जपून ठेवणारे हात आहेत. ही साखळी मुलाच्या मनात उभी करण्याचे काम भूगोलाचे व परिसर अभ्यासाचे पाठ करतातच. परंतु लहान वयात जे ताला-सुरात कानावर पडते ते दीर्घकाळ टिकते, हा सर्व शिक्षकांचा अनुभव आहे. म्हणून आपल्या भागातील अन्नपदार्थ आणि त्यांचा उगम या विषयावरील बालकवितेचा वर्गात कसा उपयोग करून घेता येईल, याचा विचार या लेखात केला आहे. उदाहरणे मुख्यतः गोव्यातील आहेत. इतर ठिकाणच्या शिक्षकांना ती आपल्या परिसराप्रमाणे बदलून घेता येतील.

परंपरेतील आधार

अन्नाविषयी गाणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. जात्यावर दळताना स्त्रिया ज्या ओव्या गात, त्यांत धान्य, शेत, पाऊस आणि माहेरची शिदोरी यांचे उल्लेख वारंवार येतात. आश्विनात होणाऱ्या भोंडल्याच्या अथवा हादग्याच्या खेळात गाणी संपली की खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम असतो. झाकलेल्या डब्यातील पदार्थ कोणता, हे मुली तर्काने सांगतात. गोड की तिखट, कोरडा की ओला, तळलेला की उकडलेला, असे प्रश्न विचारीत त्या उत्तरापर्यंत पोहोचतात. पदार्थांचे वर्गीकरण करण्याचा हा एक उत्तम पाठ होय.

याच खेळातील कारल्याच्या वेलाचे गाणे शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. माहेरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचे बी पेरावयास सांगते. पुढे प्रत्येक वेळी नवी अट येते. बी रुजावे, वेल वाढावा, फूल यावे, फळ धरावे, भाजी व्हावी आणि ती जेवणात वाढली जावी, तोवर सुनेने थांबावयाचे असते. गाण्याचा विषय सासुरवासाचा आहे. परंतु बियांपासून ताटापर्यंतचा एका भाजीचा सर्व प्रवास त्यात क्रमवार आला आहे. क्रम चुकला तर गाणेच पुढे जात नाही. त्यामुळे ते म्हणणाऱ्या मुलीला वेलाच्या वाढीच्या अवस्था वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

या गाण्यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, अन्नाची चांगली कविता पदार्थाची केवळ स्तुती करीत नाही; ती त्याचा माग काढते. दुसरी गोष्ट म्हणजे तीत माणसे असतात. वाट पाहणारी सून नसती, तर कारल्याच्या वेलाकडे कोणी लक्ष दिले नसते. तिसरी गोष्ट, तिची रचना मुलांना पुढे वाढविता येते. या तीन कसोट्या पुढील विवेचनात उपयोगी पडतील.

'आपले' अन्न म्हणजे कोणते?

या विषयावर कविता रचताना वा निवडताना पहिली अडचण 'आपले' या शब्दाची येते. पुष्कळ वेळा पानातील प्रत्येक पदार्थ अनादि काळापासून आपल्याच मातीतला, असे गृहीत धरून गाणी लिहिली जातात. मुलांना आनंद व्हावा हा हेतू चांगला असला, तरी त्यामुळे चुकीची माहिती पाठ होते आणि एकदा तालात बसलेली चूक दुरुस्त करणे कठीण जाते.

शाळेत मिळणाऱ्या एखाद्या साध्या न्याहारीचे उदाहरण घेऊ. बशीत पाव आहे आणि अळसांद्यांची पातळ भाजी आहे. भाजीत बटाटा, मिरची व नारळाचे वाटप आहे. यांतील गहू गोव्यात पिकत नाही. तो उत्तरेकडून येतो. पाव करण्याची रीत पोर्तुगीज काळात आली व 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच आहे. बटाट्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात आहे. मिरचीही अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ साली त्या बाजूस पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. त्यानंतरच्या शतकात त्यांच्या गलबतांतून मिरची, काजू, अननस, पपई अशी अनेक झाडेपिके भारताच्या किनाऱ्यावर आली. अळसांदे मूळचे आफ्रिकेतील असले, तरी ते काही हजार वर्षांपूर्वीच भारतात येऊन रुळले आहेत. नारळ तर किनाऱ्याचा जुना रहिवासी. म्हणजे एका बशीत चार खंडांची वस्ती आहे.

नाचणीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. डोंगरउतारावरील कष्टकऱ्यांचे हे धान्य अस्सल देशी म्हणून ओळखले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा नाचणीला पुन्हा मान मिळाला. परंतु तिचे मूळ स्थान पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात असल्याचे संशोधक मानतात. ती हजारो वर्षांपूर्वी येथे आली आणि येथील शेतकऱ्यांनी तिच्या अनेक जाती निर्माण केल्या. याउलट तूर, मूग, उडीद, कुळीथ व तीळ ही पिके भारतीय उपखंडातच लागवडीखाली आली. आंबा, फणस, मिरी आणि भिरंड (कोकम) ही तर आपल्या बाजूचीच झाडे. त्यांपैकी फणस, मिरी व भिरंड यांचे घर म्हणजे सह्याद्री आणि त्याच्या दक्षिणेकडील डोंगररांगा होत.

तेव्हा 'आपले' या शब्दाचा अर्थ मुलांना दोन प्रकारे सांगावा. काही अन्न येथेच जन्मले. काही बाहेरून आले आणि येथील माती, पाऊस व माणसांच्या हातांनी येथले झाले. दोन्ही आपलीच. पाहुणा घरचा कसा झाला, ही कथा सांगितल्याने घराचा मान कमी होत नाही.

शब्द हाही पुरावा

पिकांच्या प्रवासाचा माग शब्दांत राहतो. वरच्या वर्गांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'बटाटा', 'काजू', 'अननस', 'पपई' हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आले. हापूस हे नाव 'अफोंसो' या नावावरून पडले. मानकुराद आंब्याचे नाव 'मालकुरादा' म्हणजे वाईट रंगाचा या शब्दावरून आले. चवीने अव्वल असलेल्या फळाला असे नाव मिळावे, याची मुलांना गंमत वाटते. उलट दिशेनेही शब्द गेले आहेत. आंब्याचा 'मांगा' आणि फणसाचा 'जाका' हे पोर्तुगीज शब्द मलयाळम भाषेतून घेतलेले आहेत. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापविलेल्या ग्रंथात आंबा, फणस, नारळ यांचे वर्णन केले, तेव्हा युरोपातील वाचकांना या फळांचा परिचय झाला.

मिरचीच्या बाबतीत निराळेच घडले. तिच्याबरोबर आलेले नाव मराठीने स्वीकारले नाही. तिखट चवीसाठी आपल्याकडे मिरी होतीच. संस्कृतातील 'मरिच' या शब्दाशी नाते सांगणारे तेच नाव नव्या फळाला मिळाले. हा सर्व इतिहास चार ओळींत असा बसविता येतो :

दूर देशीची पाहुणी
गलबतातून आली;
मिरीचेच नाव घेत
येथे मिरची ती झाली.

ओळी साध्या आहेत, पण त्यांतील प्रत्येक विधान तपासून पाहता येते. मुलांच्या कवितेला एवढी शिस्त असावी. पुढचे कडवे मुलांनी आपल्या गावच्या मिरचीवर रचावे. काणकोण तालुक्यातील खोला गावच्या मुलांना फार दूर जावे लागणार नाही. तेथे डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पेडणे तालुक्यातील हरमलच्या मिरचीलाही तसे मानांकन आहे, आणि आगशीच्या वांग्यांना व मानकुराद आंब्याला ते २०२३ साली मिळाले. परदेशातून आलेली मिरची एका गावाच्या नावाने ओळखली जावी, हीच तिच्या येथले होण्याची खूण होय.

भाताचा पाठ

गोव्यातील मुलासाठी अन्नाची पहिली कविता भाताचीच असावी. येथे भातशेतीच्या जमिनीचे तीन प्रकार सांगितले जातात : उंचावरील मोरड, सखल भागातील केर आणि खाडीकाठची खाजन. पावसाळी पिकाला सोरोद व त्यानंतरच्या पिकाला वायंगण म्हणतात. हे शब्द घरातील वडीलधाऱ्यांना माहीत असतात, पण पाठ्यपुस्तकात क्वचितच येतात.

खाजन जमिनी ही पूर्वजांच्या कल्पकतेची मोठी साक्ष आहे. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे, दगडांचा आधार दिलेले बांध घातले गेले. बांधात 'मानस' नावाचे दार असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने त्याच्या फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडून पावसाचे पाणी बाहेर जाते. कोणतेही यंत्र न लावता समुद्राच्या भरती-ओहोटीकडूनच येथे काम करून घेतले आहे. अशा जमिनीत कोरगूट, आसगो यांसारख्या खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती पिकत आल्या. गोव्यातील खाजन जमिनींचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. मात्र त्यांतील बरीचशी जमीन आता लागवडीखाली राहिलेली नाही. एकदा बांध फुटून खारे पाणी आत आले की, मीठ धुऊन जाण्यास अनेक पावसाळे लागतात. तोवर शेत पडीक राहते, तिवरे वाढतात आणि पेरणीच थांबल्याने जुने बियाणेही घरातून नाहीसे होते.

या वस्तुस्थितीवर आधारलेल्या ओळी पुढीलप्रमाणे :

खाडीकाठी मातीबांध,
बांधामध्ये एक दार;
भरतीत मिटे दार,
ओहोटीत खुले पार.

आत डोले कोरगूट,
खाऱ्या मातीत रुजले;
त्याचे दाणे पेज होत
माझ्या वाटीत निजले.

या कवितेबरोबर शिक्षकांनी उकड्या तांदळाची मूठभर मात्रा वर्गात आणावी. भात टरफलासह उकडून, वाळवून मग कांडला की उकडा तांदूळ होतो, हे सांगावे. सुरय आणि उकडा असे दोन्ही तांदूळ मुलांच्या हातात द्यावेत. सकाळी दहाच्या सुमारास शेतावरील माणसे पेज का पितात, हा प्रश्न घरी विचारण्यास सांगावा. शहरी खाऊच्या पुड्यांपुढे पेजेचे नाव घेण्यास काही मुले संकोचतात. कवितेत पेजेला मानाची जागा मिळाली, तर हा संकोच पुष्कळसा कमी होतो.

बियाण्याची गोष्टही येथे जोडता येते. आज गोव्यात जया व ज्योती या जातींची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. परंतु जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' व 'गोवा धान २' हे खारेपणा सोसणारे वाण तयार केले. जुने बियाणे कोणीतरी पेरीत राहिले म्हणूनच शास्त्रज्ञांना ते मिळू शकले, हे मुलांना अवश्य सांगावे.

कोडे, माटोळी आणि पावसाळी भाज्या

लहान वर्गांना सलग कवितेपेक्षा कोडे अधिक भावते. भिरंडीवरील हे कोडे पाहावे :

साल माझी आमटीत,
रस माझा पेल्यामध्ये;
तेल माझे टाचेवर,
कोण मी या रानामध्ये?

उत्तर मिळाल्यावर प्रत्येक ओळीचा अर्थ उलगडावा. फळाची साल वाळवून आमसुले होतात; रसाचे सरबत होते; बियांपासून निघणारे घट्ट तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात, म्हणून पाऊस येण्यापूर्वी साल वाळविण्याची घाई असते. एका झाडाचे तीन उपयोग आणि एका ऋतूची लगबग या चार ओळींतून समजते.

चतुर्थीला गणपतीच्या वर बांधली जाणारी माटोळी ही तर वर्षातून एकदा भरणारी वनस्पतींची शाळाच होय. नारळ, सुपारी, तवशे, चिबूड, तोरिंजन, आंबाडे यांच्याबरोबर रानातील कितीतरी फळे व शेंगा तीत असतात. मुलांनी आपल्या घरच्या माटोळीतील वस्तूंची यादी करावी. प्रत्येक वस्तू कोठून व कोणी आणली, हे पुढे लिहावे. बाजारातून आणलेल्या वस्तूंपुढे तसे स्पष्ट लिहावे. वर्गातील सर्व याद्या जोडल्या म्हणजे एक दीर्घ गणनागीत आपोआप तयार होते. कोणती फळे आजोबांच्या वेळी रानात मिळत आणि आता मिळत नाहीत, हेही त्यावरून कळते.

पावसाळ्यातील ताकळा, अळू, फागला, बांबूचे कोंब आणि वारुळांवर उगवणारी अळंबी यांवरही कविता करता येतात. अळवात आंबाडे किंवा चिंच का घालतात, याचे उत्तर मुले आईकडून सहज आणतील. आंबटामुळे घशाची खाज टळते. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रानातील प्रत्येक अळंबी खाण्याजोगी नसते. ओळख असलेल्या जाणत्या माणसाशिवाय मुलांनी ती वा कोणतीही रानभाजी तोडू नये, अशी स्पष्ट सूचना शिक्षकांनी द्यावी.

नव्या कणसांचा सण आणि हळदीच्या पानातील पातोळ्या या विषयांना गोव्यात आणखी एक महत्त्व आहे. हिंदूंच्या घरी नागपंचमीच्या सुमारास व ख्रिस्ती घरी १५ ऑगस्टच्या सणाला पातोळ्या होतात. नवे भात देवघरात आणि चर्चमध्येही पूजिले जाते. एकाच शेतातील कणीस दोन्ही ठिकाणी जाते, हे मुलांनी आपापल्या घरचे वर्णन करून परस्परांना सांगावे.

वर्गातील पद्धत

एका पाठासाठी दोन तासिका पुरेशा आहेत. त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे करावी :

१. वस्तू : पदार्थ किंवा धान्य प्रत्यक्ष वर्गात ठेवावे. मुलांनी त्याला हात लावावा, वास घ्यावा.

२. माग : "याच्या आधी हे कोठे होते?" हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून उगमापर्यंत जावे.

३. शब्द : घरच्या बोलीतील नावे फळ्यावर लिहावीत. कोकणी, मराठी, कन्नड कोणतेही नाव चूक समजू नये.

४. ओळ : प्रत्येक गटाने आठ-आठ अक्षरांच्या दोन किंवा चार ओळी रचाव्यात. टाळ्यांवर त्या म्हणून पाहाव्यात.

५. तपास : ओळीतील प्रत्येक गोष्ट खरी आहे का, हे शेतकरी, घरातील वडील मंडळी किंवा कृषी अधिकारी यांना विचारून पाहावे. खोटी ठरलेली ओळ कितीही गोड असली तरी बदलावी.

पाचव्या पायरीला सर्वांत अधिक महत्त्व द्यावे. कवितेची ओळ घेऊन मूल आजीकडे जाते, तेव्हा आजीला दोन शब्द अधिक आठवतात. ते शब्द वहीत येतात. खाजनाच्या बांधाची, बियाण्याच्या जातीची, दळण-कांडणाची माहिती जाणणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. ती माहिती लिहून घेण्याचे काम याहून कमी खर्चात होणे अवघड आहे.

इतर प्रदेशांत याच पायऱ्या लागू पडतात. इंदूरच्या मराठी घरात सकाळी पोहे होतात. परंतु माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू, हरभरा व सोयाबीन ही मुख्य पिके आहेत. मग पोह्यांचे भात कोठून येते, हा तेथील मुलांचा पहिला प्रश्न होऊ शकेल. बेळगाव-खानापूर भागात एकाच तालुक्यात डोंगराळ भातशेती आणि सपाटीवरील शेती शेजारी शेजारी आढळतात. तेथील मुले भात आणि भाकरी यांचा संवाद रचू शकतील.

शेवटी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. कवितेने बांध दुरुस्त होत नाही आणि पडीक शेतात भात उगवत नाही. ती कामे शेतकऱ्यांची, ग्रामसंस्थांची व शासनाची आहेत. परंतु मानस म्हणजे काय, हे ज्या मुलाला ठाऊक नाही, तो मोठेपणी मानस मोडल्याची तक्रार घेऊन कोणाकडेही जाणार नाही. ज्याने ती चार ओळींत टाळ्या वाजवून म्हटली आहे, त्याला निदान त्या दाराचे नाव माहीत असेल. शाळेच्या चाळीस मिनिटांत एवढे साधले, तरी तो पाठ सार्थकी लागला असे समजावे.